कवटीवाडीची नवरी आणि परंड्याची टॉकीज

रजेच्या अर्जात मी 'घरगुती काम' असं लिहिलं. खरं कारण मुख्याध्यापकांना सांगणं अवघड होतं. रत्नागिरीत आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई घाट ओलांडून परंड्याला जाणार आणि तिथं दोन दिवस ओळीनं भुतांचे, नागिणींचे नि दरोडेखोरांचे पडेल सिनेमे बघणार, हे कुणाला पटलं असतं? नवऱ्याला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "त्या बाजूला लोक तुळजापूरला जातात." मी म्हटलं, "जिल्हा तोच आहे."

मला हे सिनेमे लहानपणापासून आवडतात. उडत्या वटवाघळाला बांधलेला दोरा दिसला की इतरांचा रसभंग होतो, मला बरं वाटतं. कुणीतरी पडद्याआड उभं राहून, हात दुखेपर्यंत तो दोरा ओढत होतं ना! असं वाटणारी माणसं राज्यभर विखुरलेली आहेत, हे मला फोनवरच्या एका ग्रुपमुळे कळलं. त्यांची दर वर्षी जानेवारीत परंड्याच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये जत्रा भरते. चार वर्षं नुसते फोटो बघून यंदा मी निघाले.

परंडा, शुक्रवार

बार्शीहून सुटलेली एसटी परंड्याच्या वाटेला लागली आणि मी खिडकीला चिकटले. आमच्याकडे नजर पन्नास पावलांवर कुठल्यातरी माडाला नाहीतर डोंगराला अडते. इथं ती सुटते ती सुटतेच. दोन्हीकडं कणसावर आलेली ज्वारी, मध्येच एखादं लिंबाचं झाड, आणि वर एवढं आभाळ की सुरुवातीला उघड्यावर बसल्यासारखं वाटत राहिलं.

स्टँडवर अनंतराव घ्यायला आले होते. त्यांचं परंड्यात औषधांचं दुकान आहे आणि ही सगळी जत्रा तेच भरवतात. उतरायची सोय त्यांच्याच घरी होती. त्यांच्या आईंनी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले होते. लसणाच्या झणझणीत रसात शिजलेले ते वळसे मी दोनदा मागून घेतले. मग कोकणातल्या सवयीनं विचारलं, "थोडा भात मिळेल का?"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "भात? अंगात कणकण हाय का बाई?"

त्या घरात भात आजाऱ्यालाच करतात. मी भाकरी घेतली.

संध्याकाळी टॉकीज बघायला गेलो. बाहेर पडद्याएवढी पिंपळाची फांदी भिंतीतून उगवलेली, आत निम्म्या खुर्च्या मोडलेल्या, त्यांच्या जागी पोती अंथरलेली. छताला वटवाघळं होती. खरी. मशीनच्या खोलीत रफिकचाचा एक रीळ कापसानं पुसत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, या टॉकीजचं मशीन चालवण्यात उमर घालवलेले. टॉकीज बंद झाली तेव्हा मालकानं रद्दीत काढलेले सिनेमे त्यांनी घरच्या माळ्यावर नेऊन ठेवले, म्हणून आज ही जत्रा आहे.

"मॅडम, इतवारी 'कवटीवाडीची नवरी' लावतो," ते म्हणाले. "आपल्याच किल्ल्यात काढलेला हाय. जगात एकच कॉपी, ती बी माझ्याकडं. पण लई नाजूक झालीय. रीळ म्हातारं झालं की आंबूस वास मारतंय, बघा." त्यांनी डबा नाकाशी धरला. प्रयोगशाळेतल्या ॲसिटिक ॲसिडचा वास मी कुठंही ओळखला असता.

परंडा, शनिवार

उद्घाटनाला दीपप्रज्वलन नव्हतं. तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ दारात लावली, धूर ओसरला आणि आम्ही साठेक माणसं आत शिरलो. दारात प्रत्येकाला एक शिट्टी आणि भाजक्या शेंगांचा पुडा मिळाला. शिट्टी चुकांसाठी. पडद्यावर चूक दिसली की शिट्टी मारायची आणि मोठ्यांदा चूक सांगायची.

दिवसभरात पाच सिनेमे झाले. एका अस्वलाच्या पाठीला चेन होती. एका डाकूची मिशी दर दृश्यात नवीन बाजूला कलत होती. चौथ्या सिनेमात कबरीतून सांगाडा उठला आणि त्याच्या हातात घड्याळ! माझी शिट्टी पहिली वाजली. "सव्वातीन!" मी ओरडले. सगळी टॉकीज माझ्याकडं वळून टाळ्या वाजवायला लागली. वर्गात पोरांना गप्प करण्यात माझी हयात गेलीय. ओरडल्याबद्दल टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या. त्या दिवशी मी इतकी हसले की रात्री जेवताना बरगड्या दुखत होत्या.

सोनारी, रविवार सकाळ

रविवारी सिनेमे दुपारी सुरू होणार होते, म्हणून सकाळी मी सोनारीच्या काळभैरवाला जाऊन आले. दर्शन घेऊन बाहेर पडते तोच एका माकडानं माझ्या हातातला नारळ पळवला आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसलं. मी ओरडले. मागून आवाज आला, "वरडू नका बाई, त्येला आवडतंय ते."

नारळ-फुलांच्या छोट्या दुकानात एक साठीची बाई बसली होती. उंच, सडसडीत, डोईवरून पदर घट्ट घेतलेला. तिनं मला बसायला पोतं दिलं, दुसरा नारळ पुढं केला आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बोट दाखवलं. जत्रेची पिशवी होती ती. तिच्यावर जुन्या पोस्टरचं चित्र छापलेलं, कवटीच्या जबड्यात उभी असलेली नवरी.

"ह्यो आमच्या किल्ल्यातला सिनेमा न्हवं?"

"हो. आज दुपारी दाखवणार आहेत. तुम्ही बघितलाय?"

"न्हाय." हातातली फुलं तिनं टोपलीत ठेवली. "म्या त्यात हाय."

तिचं नाव गिरजाबाई. धनगराची लेक, धनगराचीच सून. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मेंढरं घेऊन घरची माणसं परंड्याच्या बाजूला उतरली होती, तेव्हा किल्ल्यात हा सिनेमा चालला होता. एका दृश्यात भुताटकीनं पछाडलेली नवरी किल्ल्याच्या तटावरून चालत जाते. मुंबईची नटी वर चढली आणि भीतीनं रडायला लागली. म्हणून तिची वस्त्रं गिरजाबाईंना नेसवली आणि त्या चालल्या.

"सिनेमा आला तवा समद्या गावानं बघितला," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातल्या बायांला जाऊ दिलं न्हाय. गडी बघून आले आन् मामंजी म्हणले, सुनंनं अब्रू घालवली, लोकांसमोर नाचली. मला माहेरी धाडलं. वरीसभर. मोठे दीर न्यायला आले ते बी आधी दारात हुबं राहून बोलले, का आता पुन्यांदा तोंड वर करून चालू नगंस." त्यांनी टोपलीतली फुलं सारखी केली. "नवरा चांगला व्हता. त्येनी कधी काय म्हणलं न्हाय. पण मी इचारलं, मी कशी दिसत व्हते वो, तर त्येनी बी सांगिटलं न्हाय. चाळीस वरसं झाली. मला बघायचंय बाई, असं काय दिसलं व्हतं माझं."

तेवढ्यात त्यांचा मुलगा संतोष डबा घेऊन आला. तो परंड्याला सरकारी कचेरीत नोकरीला आहे. सगळं ऐकून त्यानं मान हलवली. "आई, नको. तिथं लोक हसायला येतात. मी ऐकलंय." आणि माझ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाला, "खोटं आहे का मॅडम?"

खोटं नव्हतं. बरगड्या अजून दुखत होत्या. मी गिरजाबाईंना म्हणाले, "मावशी, आम्ही हसतो. तुम्हाला हसणार नाही असं मी सगळ्यांच्या वतीनं कसं सांगू? पण मी तुमच्या शेजारी बसेन."

"हसू द्या की," त्या उठून पदर झटकत म्हणाल्या. "कशाला हसले ते तरी कळंल."

परंडा, रविवार दुपार

संतोष आईला घेऊन आला. चेहरा ताठ, बसला तो अगदी कडेच्या खुर्चीवर. दारातल्या माणसानं गिरजाबाईंच्या हातातही शिट्टी आणि शेंगांचा पुडा ठेवला. त्या कोण, हे मी फक्त अनंतरावांना सांगितलं होतं आणि जाहीर करू नका, असंही बजावलं होतं.

सिनेमा सुरू झाला. रंग उडून सगळं तांबूस झालेलं. कवटीवाडीच्या किल्ल्यात लग्नाच्या दिवशी मेलेली एक नवरी भूत होऊन फिरते आणि सूड घेते, अशी गोष्ट. पहिल्या दहा मिनिटांत चार शिट्ट्या वाजल्या. मी शिट्टी मुठीत धरून शेजारी बघत होते. गिरजाबाई शेंगा फोडत शांत बसल्या होत्या.

पडद्यावर लांडगा आला. नायक किंचाळला. गिरजाबाईंनी शिट्टी तोंडाला लावली आणि अशी फुंकली की वरची वटवाघळं उठली.

"लांडगं कुठलं! आमची चंपी हाय ती!" त्या म्हणाल्या. "कुत्री हाय, मेंढरांवरली! शेपूट बघा की कशी हलवती, भाकरी दिलीया तिला!"

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग पुढच्या रांगेतला एक पुण्याचा मुलगा मागं वळला. "आजी, तुमची कुत्री?"

"माझी न्हाय तर कुणाची?"

त्यानंतर त्या टॉकीजचा रागरंगच बदलला. लोक पडद्यापेक्षा आमच्या रांगेकडं जास्त बघायला लागले. नवरीच्या तोंडातून रक्त आलं, तर कुणीतरी विचारलं, "आजी, हे कशाचं?" "काकवीत कुक्कू कालवलेलं. माशा लई बसायच्या." कबर फुटली, तर ती बांबूच्या पाट्यांची होती आणि शेणानं सारवलेली, तेही काम गिरजाबाईंच्याच जावेनं केलेलं. हशा होतच होता; पण तो आता त्यांच्या बोलण्यावर, त्यांच्या बाजूनं होत होता. मी कडेला पाहिलं. संतोष खुर्ची सोडून दोन रांगा पुढं येऊन बसला होता.

मग सहावं रीळ लागलं, किल्ल्याचा बुरूज दिसला आणि गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं. "आता हाय. त्या बुरुजापाठून येते मी."

पडद्यावर आता अख्खा किल्ला होता. संध्याकाळचं आभाळ, तटाची लांब कड. बुरुजाच्या आडून काहीतरी लाल हललं, आणि खाट्कन आवाज होऊन सगळं पांढरं झालं.

रीळ तुटलं होतं. चाचांनी जोडलं. पुन्हा किल्ला, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा मशीनमधून करकर आवाज आला, पडद्यावर एक तपकिरी डाग पसरत गेला आणि चाचांनी दिवाच बंद केला. थोड्या वेळानं ते स्वतः खाली आले. पडद्यासमोर उभे राहिले. हातात चुरगळलेल्या फिल्मचा गुंता होता.

"माफ करा," ते म्हणाले. "कडंची भोकं फाटली. आता हे रीळ न्हाय चालायचं. कधीच." आणि ते तो गुंता बोटांनी सारखा करायला लागले. त्या रिळात कुणाला स्वतःला बघायचं होतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

गिरजाबाईंनी माझं मनगट सोडलं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं मला धाडस होईना. मी त्यांना इथवर आणलं, आणि आता पुढं काय? मग अनंतराव हळूच म्हणाले, "मावशी, तटावर तुम्हीच होता. तुम्ही सांगाल का, काय झालं होतं ते?"

त्यांनी लेकाकडं पाहिलं. संतोष मान खाली घालून बसला होता. त्या उठल्या, पण पुढं गेल्या नाहीत. जागच्या जागी उभ्या राहून बोलल्या.

"ती नटी रडत व्हती. पोरगीच व्हती, माझ्यापरीस ल्हान. सिनेमा काढणारा तो मोठा मनुक्ष तिला शिव्या देत व्हता. म्या खाली मेंढरं घिऊन हुबी. म्हणलं, द्या हिकडं लुगडं, मी जाती. मला काय त्याचं? करडू चुकलं तर त्या तटावर आमी रोज चढायचो.

"त्येनी सांगिटलं, हळू चाल, हिकडं बघू नगंस. तोंडावर पदर. म्या चालली. लई वारं. खाली समदी माणसं गप. माझ्या लग्नात बी मला कुणी असं बघितलं न्हवतं. पार कडंला गेली, तर तिथनं रानं दिसत व्हती, लांबलांब, दिवस मावळायला आलेला. मला वाटलं, आता कुणी हाक मारू नगं. अजून जरा चालू द्यावं. त्येनी वरडून सांगिटलं झालं झालं, या खाली, तरी म्या धा पावलं जास्तीच चालली."

मग त्यांनी एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली.

"एवढंच क्येलं. नाचली बिचली न्हाय."

शिट्टी नाही, टाळी नाही. मग त्या खाली बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "मंग पुढं काय झालं? तिला मारली का न्हाय? लावा की म्हणावं पुढचं."

चाचांनी सातवं रीळ लावलं. नायकानं नवरीला मशालीनं जाळलं. मशाल विझलेली होती. साठ शिट्ट्या एकदम वाजल्या, आणि त्यात सर्वांत लांब वाजत राहिली ती आमच्या रांगेतली.

परंडा, सोमवार

माझी एसटी दहाची होती. आठ वाजता अनंतरावांचा फोन वाजला. चाचांनी टॉकीजवर बोलावलं होतं, आणि सोनारीलाही निरोप धाडला होता. आम्ही पोचलो तेव्हा चाचा अंगणात उन्हाला पाठ करून बसले होते. डोळे लाल. त्यांनी तो गुंता रात्रभर सोडवला होता. समोर पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर वीतभर लांबीची एक पट्टी ठेवली होती, बाकी सगळा चुरा.

संतोषच्या गाडीवरून गिरजाबाई उतरल्या. चाचा उठून उभे राहिले.

"बहनजी, एवढंच वाचलं. पडद्यावर न्हाय येणार. पण उन्हात धरली तर दिसतंय." त्यांनी घड्याळवाल्यांचं असतं तसलं भिंग पुढं केलं.

गिरजाबाईंना एका डोळ्यानं बघायचं जमेना. मी मागून भिंग धरलं, चाचांनी पट्टी उन्हासमोर धरली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. पट्टी पुढं सरकवा म्हणाल्या, मग पुन्हा मागं आणा म्हणाल्या. नंतर मीही बघितलं. तांबूस आभाळ. काळी तटाची कड. आणि तिच्यावर, तांदळाच्या दाण्याएवढी, पाठमोरी, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक नवरी. वाऱ्यानं फक्त लुगड्याचा काठ मागं उडालेला. चेहरा नाही, हात नाही, घोटासुद्धा दिसत नव्हता.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा पट्टीवर वाकल्या.

"एवढ्यासाठी मला वरीसभर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आश्चर्य होतं, नुसतं आश्चर्य. ओझं म्हणून उचललेली टोपली रिकामी निघावी तसं.

संतोषनं भिंग घेतलं. तो एवढा वेळ वाकून राहिला की मला वाटलं, त्याला दिसत नसावं. मग त्यानं खिशातून फोन काढला, भिंगाला लावला आणि दोन-तीन प्रयत्न करून फोटो काढला. स्क्रीन मोठी करून आईला दाखवली. आता नवरी बोटाएवढी झाली होती.

"आई," तो म्हणाला, "घरच्या ग्रुपवर टाकू?"

"कोण कोण हाय त्यात?"

"सगळेच. आत्या, चुलत भाऊ, सुना, पोरं." तो जरा घुटमळला. "मोठे काकापण आहेत. त्यांना नातू वाचून दाखवतो."

मोठे काका म्हणजे ते दारात उभं राहून बोलून गेलेले दीर. गिरजाबाईंनी फोन हातात घेतला, पुन्हा एकदा चित्र बघितलं आणि परत दिला.

"टाक," त्या म्हणाल्या. "आन् खाली लिव, ही गिरजा हाय म्हणून. पाठमोरी हाय, वळखू याची न्हाय."